तीन इंच गवत

एल्डर क्रीक, ओहायो
सोमवार, १० जून १९९६

प्रिय बर्निस,

मी बरा आहे. गुडघा होता तसाच. तुझ्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन छान झालं आणि आता आर्लीन काठीशिवाय चालते, असं शेजारच्या व्हर्जिलच्या बायकोकडून कळलं. तिला मी विचारलंय म्हणून सांग.

तू "दोन आठवड्यांत येते" म्हणून आर्लीनकडे गेलीस तेव्हा अंगणातलं गवत घोट्याएवढं होतं. ते नडगीला लागलं आणि गावच्या कचेरीने दारावर नोटीस चिकटवली : गवत आठ इंचांच्या वर गेलंय, पाच दिवसांत कापा. छत्तीस वर्षांच्या संसारात मी गवत कापायच्या मशीनला हात लावला नाही. लोक हसायचे, तर तू म्हणायचीस, "राहू दे त्याला, दिवसभर काचेच्या भट्टीसमोर उभा असतो." आता मार्चपासून भट्टीही नाही. तेव्हा काल शेवटी गॅरेज उघडलं.

मशीन सुरू करायला सतरा वेळा दोरी ओढली. व्हर्जिल टाय लावून चर्चला निघाला होता, तो हद्दीवर उभा राहून बघत होता.

"लॉइड, पेट्रोलची तोटी उघडलीस का?"

नव्हती उघडली.

"बरं, चाकं बघितलीस?"

"चाकांना काय बघायचं? चार आहेत."

तो हसला आणि गेला. आज रविवार आहे, हे मात्र बोलला नाही लबाड. चाकांची उंची वरखाली करायला प्रत्येक चाकापाशी खटका असतो, हे मला कुठे माहीत? माझी डावी दोन वर आणि उजवी दोन खाली. मी इमानेइतबारे तासभर ढकलत होतो आणि मागे वळून बघतो तर अंगणाला पायऱ्या पडलेल्या. तेवढ्यात चर्च सुटलं. सगळा गाव आपल्या दारावरून गेला. आपल्या गल्लीत रविवारी मशीन काढत नाहीत, हे तू असताना मला लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. पाद्रीसाहेबांनी गाडी हळू केली.

"लॉइड, देवाने सुद्धा सातव्या दिवशी विश्रांती घेतली."

मी म्हटलं, "त्याचं सहा दिवस काम झालं होतं. मी आत्ता कुठे सुरुवात करतोय."

तू असतीस तर हसली असतीस. रागावलीही असतीस, पण आधी हसली असतीस.

उजवीकडचं गवत पार मुळाशी तासलं गेलंय, पिवळं पडायला लागलंय. किती उंच ठेवायचं असतं? घराच्या उत्तरेला, तुझी व्हायोलेटची फुलं होती तिथे, अजून नुसती माती आहे. त्या तणनाशकाच्या फवारणीवाल्यांनी चुकीच्या घरी गाडी आणली, आता कुणाला बोलणार. असो.

जमलं तर उत्तर दे.

तुझा,
लॉइड


एल्डर क्रीक
रविवार, २१ जुलै १९९६

प्रिय बर्निस,

आज रविवार, मशीन गॅरेजमध्ये आहे.

तुझं कार्ड पोचलं त्याला महिना होईल. "तीन इंच. पातं घासून घे. ओलं असताना कापू नकोस. दुसरं काही सांगायचं आहे का?" पहिल्या तिन्ही गोष्टी मी केल्या. चौथी शर्टाच्या खिशात घालून फिरतोय.

आधी गवताचं सांगतो. पिवळं होतं ते भरून आलं. आता दर आठवड्याला दिशा बदलून कापतो, म्हणजे गवत एकाच बाजूला झोपत नाही. दव वाळेपर्यंत पायरीवर कॉफी घेऊन बसतो. तू इतकी वर्षं तिथे काय करत बसायचीस, हे मी कधी विचारलं नव्हतं. दव वाळायची वाट बघत होतीस, होय ना? मला वाटायचं, आमची बाई उगाच बसली आहे. परवा व्हर्जिल म्हणाला, "बर्निसने कापल्यासारखं दिसतंय." मी आत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

आता दुसरं.

त्या रविवारी गॅरेजमध्ये काय सापडलं, ते मी तुला लिहिलं नाही. मशीनच्या दांड्याला, पावाच्या पिशवीच्या तारेने, एक पिवळी चिठ्ठी बांधलेली होती. फवारणीवाले जाताना दाराला अडकवतात ती. वर आपला पत्ता, आणि खाली : बोलावणारे, एल. हाफनर. म्हणजे मी. या घरात मी जिथे कधीच हात घालणार नाही अशी एकच जागा होती. तिथे तू ती बांधून गेलीस.

आणि दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी समोर ठेवून मी तुला पुन्हा 'चुकीच्या घरी गाडी' लिहिलं. निर्लज्जम् सदासुखी.

गाडी चुकीच्या घरी आली नव्हती, बर्निस. फोन मी केला होता. व्हर्जिल एवढंच म्हणाला होता, "तुझ्याकडचं तण माझ्या लॉनमध्ये शिरतंय." मी नुकता रिटायर झालो होतो, दिवसभर खिडकीशी बसून होतो. वाटलं, या घरासाठी आपल्याला करता येईल असं हे एक काम आहे. तू चर्चच्या बायकांबरोबर गेली होतीस. मी बोट दाखवून म्हणालो, तिकडचं सगळं तण मारा. ती व्हायोलेट तू तुझ्या आईच्या शेतावरून कॉफीच्या डब्यात आणली होतीस, शेत विकलं त्याच्या आदल्या दिवशी. हे मला ठाऊक होतं. विसरलो असं म्हणणार होतो, पण विसरलो नव्हतो. मला ती तेव्हा नुसती पानं वाटली.

तू तीनदा विचारलंस, "लॉइड, नक्की चुकीचं घर?" मी तिन्ही वेळा हो म्हणालो. फुलं मेली म्हणून तू गेली नाहीस. मी तिसऱ्यांदा हो म्हणालो म्हणून गेलीस, हे मला आता कळतं. वरातीमागून घोडं, पण कळतं.

मला तुझी फार आठवण येते. संध्याकाळी सगळ्या गल्लीत कापल्या गवताचा वास सुटतो, आणि मी मान वळवून दाराकडे बघतो. चपलांना गवत चिकटवून तू आत यायचीस, आणि मी म्हणायचो, "फरशी बघ जरा." आता माझ्याच बुटांचं गवत स्वयंपाकघरभर पडलेलं असतं. मी ते झाडत नाही.

आणखी एक. उत्तरेच्या भिंतीला, पन्हाळीचं पाणी पडतं तिथे, मंगळवारी चार पानं दिसली. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, कडेला बारीक दाते. व्हर्जिलला तुला ठाऊकच आहे, त्याची मोठी मशीन काढली की शेजारधर्म म्हणून आपल्याकडची एक पट्टी कापून जातो. म्हणून मी स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन त्या पानांवर उभी केली आहे. तुझी खुर्ची. त्याने विचारलं, "हे काय रे?" मी म्हटलं, "जागा धरून ठेवलीय."

ती व्हायोलेट आहे की दुसरंच काही, मला ओळखता येत नाही. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तू बघून सांगेपर्यंत खुर्ची हलवणार नाही. टेबलाशी मी उभ्यानेच जेवतो. माझी खुर्ची आहे, पण तिच्यावर बसलं की समोरची रिकामी जागा दिसते.

ज्याने फोन केला तोच,
लॉइड