शब्दाच्या मागचं-पुढचं

प्रिय अंदाजपंचे,

चाळिशी आली तरी तुला याच नावाने हाक मारणार. नाव बाबांनी ठेवलंय, माझ्यावर चिडू नकोस. आठवतं ना? बाइंडिंगच्या टेबलावर डिंक वाळेपर्यंत बाबा इंग्रजी पुस्तकांची सुटी पानं वाचायचे आणि अडलेला शब्द आपल्याला कोड्यासारखा घालायचे. डिक्शनरीला हात लावायचा नाही. तो शब्द असलेली तीन वाक्यं ऐकायची, शब्दाच्या मागचं-पुढचं बघायचं आणि अर्थ आपला आपण काढायचा. 'अंडर द वेदर' म्हणजे काय, तर तू पहिल्याच वाक्याला ओरडलास, छत्री विसरलेला माणूस! बाबांना हसून हसून ठसका लागला. जरा बरं नसलेला माणूस, हे मी तिसऱ्या वाक्याला सांगितलं आणि आठवडाभर भाव खाल्ला. अजूनही पोट दुखलं की ते स्वतःला अंडर द वेदरच म्हणतात.

त्याच शिदोरीवर मी डॉक्टरांकडे टायपिस्ट झाले. डॉक्टर रेकॉर्डरवर बोलतात, मी ऐकून रिपोर्ट टाइप करते. एकोणीस वर्षांत कुणाला एका शब्दाचा अर्थ विचारला नाही. 'पॅलिएटिव्ह' हाही असाच कळला. तो ज्यांच्या रिपोर्टात यायचा त्यांच्या तपासण्या बंद व्हायच्या, दुखणं कमी करायच्या गोळ्या तेवढ्या चालू राहायच्या, आणि दोन-चार महिन्यांत ती फाइल खालच्या कपाटात जायची.

सोमवारी तो शब्द बाबांच्या नावापुढे ऐकला. दोनदा मागे घेऊन ऐकला. मग टाइप केला, काय करणार? तुला मी पोटाला सूज आहे एवढंच कळवलं होतं, कारण तेव्हा मलाही तेवढंच माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी सांगितलेलं बरं. घरची म्हणजे मी एकटीच की!

घरी आले तर बाबांनी फाइल हातातून काढून घेतली, चष्मा लावला, आणि नेमकं त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, हा नवा दिसतोय, घाल बघू तीन वाक्यं. मी खोटी वाक्यं केली रे. पॅलिएटिव्ह उपचारांनी थकलेला माणूस हिंडू-फिरू लागतो. पॅलिएटिव्ह औषधाने भूक लागते. तिसरं सांगायची तर लाज वाटते: पॅलिएटिव्ह उपचार झाल्यावर म्हातारा मुलाकडे राहायला गेला. बाबा खूश. त्यांच्या शब्दांच्या वहीत माझी तीन वाक्यं उतरवली आणि वर अर्थ लिहून टाकला, ताकद देणारे. ज्यांनी मला शब्द ओळखायला शिकवले त्यांनाच मी शब्दाने फसवलं.

आता ज्याला त्याला तेच. बाबा केस कापायला गेले तर न्हाव्याला सांगून आले. परवा माझं पाणचट सूपही पॅलिएटिव्ह झालं. मी हसते, आणि मग भांडी घासायच्या निमित्ताने नळ मोठा सोडून रडून घेते. रविवारी ते तुला फोन करणार आहेत. माझं पॅलिएटिव्ह सुरू झालंय, तू रजा वाया घालवू नकोस, असं सांगायचं त्यांनी ठरवलंय. तुझा सारा दिवस इंग्रजीत जातो, तुला लगेच कळेल. तेव्हा दचकू नकोस आणि अर्थ दुरुस्त करू नकोस, एवढंच लिहायला मी बसणार होते.

पण आज ते अंघोळीला गेले तेव्हा मी वही उघडली. 'ताकद देणारे'वर रेघ मारलेली आहे. दुसरा अर्थ लिहिलेला नाही. माझ्या तीन वाक्यांखाली त्यांनी गोल अक्षरात चौथं लिहिलंय. इंग्रजीत आहे, पण अर्थ असा, की पॅलिएटिव्ह उपचार सुरू झाले की मुलगी बापाच्या नजरेला नजर देत नाही. मी वही होती तिथे ठेवली. बाबा डोकं पुसत बाहेर आले आणि म्हणाले, आज जरा ताकद वाटतेय बरं का. मी कपाटाकडे बघत म्हटलं, वाटणारच. ते माझ्यासाठी सोंग करतात, मी त्यांच्यासाठी, आणि मला ते थांबवता येत नाही. रविवारी ते येऊ नकोस म्हणतील. तू हो म्हण, आणि निघ.

तुझीच,
ताई