हत्ती सापडला म्हणे

प्रिय गोलू,

पेपरात तुझा फोटो पाहिला. पारशिवनीजवळ नदीकाठी उकिडवा बसलेला तू, हातात दगड झालेली हत्तीची दाढ, खाली ठळक अक्षरात डॉ. हर्षल. पंधरवडाभर मुक्काम होता म्हणे. तिथून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सक्करदऱ्यात, आपल्या घरी पोचतो, रे. मेलेल्या हत्तीसाठी परदेशातून आलास, आणि जित्या बापासाठी तुला एक दुपार मिळाली नाही.

तुझा तो प्लाइस्टोसीन काळ बाबांनी किती मिरवला. आधी त्यांना नाव ऐकूच आलं नाही धड. तलावावर फिरायला येणाऱ्या महादेवरावांना सांगून बसले, पोरगा प्लास्टिकमध्ये डॉक्टर झाला. ते बिचारे आपल्या जावयासाठी प्लास्टिकच्या कारखान्यातल्या नोकरीची चौकशी करायला घरी आले. मग तू फोनवर हिमयुग समजावलंस, आणि भेटेल त्याला हे सांगत सुटले, "आपल्या इकडं बर्फ नव्हता गा, हत्ती मात्र मोठाले होते." तो काळ संपून दहा-बारा हजार वर्षं झाली, तरी तुम्ही लोक त्याला अलीकडचा म्हणता. तुझ्या 'लवकरच येतो'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

बाबांचं विसरणं वाढलंय, हे तुला सांगून मी थकले. दाराची कडी वाजली की विचारायचे, "गोलू आला काय वं?" नाही म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. मग वरच्या खोलीत धम्मदीप भाड्याने राहायला आला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला आहे. एकदा रात्रपाळी करून आला, कडी वाजवली, बाबांनी तेच विचारलं, आणि तो बाहेरूनच म्हणाला, "हो बाबा, आलो ना." म्हाताऱ्याला हो म्हणायला काय जातं, असं वाटलं त्याला. त्या दिवसापासून तोच गोलू. बाबा त्याच्या हातानं जेवतात, त्याच्याशी भांडतात, शांत झोपतात. मला त्याची माया येते आणि तुझा संताप.

काल तुझा निरोप आला, दिवाळीला नक्की येतो म्हणून. त्यासाठीच हे लिहिते आहे. येऊ नकोस. दारात तुला पाहून बाबा विचारतील, हा कोण. मला सांगावं लागेल, साहेब आहेत, हत्ती शोधायला आलेत. मग ते तुला बसवून चहा देतील आणि आपल्या गोलूची तारीफ करत राहतील. तू ते ऐकून घेशील. माझ्यानं ऐकवणार नाही.

तुझीच, कागदोपत्री तरी,
आई