अठ्ठेचाळीस आकडे

८ जुलै २०२५, मंगळवार

जागा करून झाली. विंडोजमधली साठ जीबी मोकळी काढली. तिथे लिनक्स बसेल. विंडोज आहे तिथेच राहील. लॅपटॉप सुरू केला की तोच विचारेल, यातलं कोणतं? पंधरा तारखेपासून ऑनलाइन कोर्स आहे, त्याला लिनक्स लागतं. तसंही मला ते शिकायचंच होतं.

बबलूदादाला सांगितलं, ही सिस्टिम हजारो लोकांनी मिळून केली आहे, कुणा एकाच्या मालकीची नाही, कुणीही वापरावी.

दादा म्हणाला, "म्हंजे गायरान."

हसत म्हणाला, पण बरोबर बोलला.

९ जुलै, बुधवार

व्हिडिओत सांगतात, आधी बॅकअप घ्या. माझ्याकडे जपण्यासारखं एकच आहे — बसची यादी. ती पेनड्राइव्हवर घेतली.

आमच्याकडून जाफराबादच्या कॉलेजला वेळेवर पोचेल अशी सकाळची एसटी नाही. जीपमध्ये दाटीवाटीनं पाठवायला घरचे तयार नसतात. म्हणून दहावी झाली की मुलगी घरी. डेपोतले साहेब म्हणाले, "नुसतं बस पाह्यजे म्हणून काय व्हतंय? किती पोरी, कोणत्या गावच्या, नावानिशी यादी आणा. सोमवारी चौदा तारखेला मला वर पाठवायचंय. मंग पुढच्या सालापर्यंत न्हाई." चार गावं, एकोणीस दिवस, एकसष्ट मुली. प्रत्येकीपुढे लिहिलं आहे, शाळा कधी सुटली, का सुटली. कागद कशाला वाया घालवायचा म्हणून लोकांच्या ओट्यावर बसून थेट लॅपटॉपमध्येच टाइप केलं.

दुपारी लिनक्स डाउनलोड केलं. पेनड्राइव्हवर चढवलं. उद्या बसवायचं.

१० जुलै, गुरुवार

बसलं! पाऊण तासात. हिरवट पडदा, सगळं चालतंय, वायफायसुद्धा. बंद करून पुन्हा सुरू केलं तर यादी आली, वर लिनक्स, खाली विंडोज. आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, "एका घरात दोन चुली."

मग खालचं निवडलं. निळा पडदा आला. रिकव्हरी की टाका म्हणतो. अठ्ठेचाळीस आकडे. ते टाकल्याशिवाय विंडोज उघडणार नाही, फाइलीही नाहीत. ती किल्ली ज्याच्या अकाउंटवर लॅपटॉप सुरू केला, त्याच्या अकाउंटमध्ये असते.

अकाउंट शीतलचं आहे.

रात्री आठवलं, बॅकअप आहे की. पेनड्राइव्ह लावला. त्यात फक्त लिनक्स. चढवताना "आतलं सगळं पुसलं जाईल" असं विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

दादाला कळलं. "पदवीधर," एवढंच म्हणाला आणि भाकरी मोडली.

११ जुलै, शुक्रवार

सेटिंग मागे फिरवून पाहिली. तोच निळा पडदा.

शीतल म्हणजे रखमाजीकाकांची मुलगी. माझी चुलत बहीण, दीड वर्षानं लहान. आमच्या दोन्ही घरांची भिंत एक. बी.एस्सी.ला माझ्या वडिलांनी, आबांनी, लॅपटॉप घेतला तेव्हा मला ईमेलसुद्धा नव्हता. तिचं एमएससीआयटी झालेलं. तिनंच स्वतःच्या ईमेलवर चालू करून दिला. "नंतर तुझं टाकू," म्हणाली. अजून लॅपटॉप उघडला की तिचंच नाव येतं. मी कधी बदललं नाही.

फेब्रुवारी २०२३. शीतल सतरा वर्षं दोन महिन्यांची, दारात मांडव पडलेला. मी चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन केला. दुसऱ्या दिवशी सरकारी जीप आली. लग्न थांबलं. आलेल्या मॅडम म्हणाल्या होत्या की, या गावातून दोन फोन आले. मी एकदाच केला होता. त्याआधी लावला तो लागता लागता कट झाला, तोही धरला असेल. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी केलं हे? मी म्हणाले, मी. खोटं बोलायचं नव्हतं.

तेव्हापासून भिंतीपलीकडचं बोलणं बंद. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं लग्न झालं, परतूरला दिलं. आम्हाला पत्रिका नव्हती. त्या दिवशी मी गच्चीवर गहू वाळत घातले. बॅंडचा आवाज ऐकत होते.

फोन केला ते चुकलं असं आजही वाटत नाही. पण तिला एका शब्दानं विचारलं नाही, हे खरं आहे.

१२ जुलै, शनिवार

सकाळपासून दोन गावं फिरले, वही घेऊन. तेवीस नावं झाली. एक बाई म्हणाल्या, "परवाच तर सांगितलं, तुमचं काय चालून राह्यलंय?" लेक काही बोलायला आली तर तिला आत पिटाळलं. पहिल्या वेळी त्या मुलीनं किती सांगितलं होतं. सोमवारपर्यंत एकसष्ट होणार नाहीत.

आई म्हणाली, "चार गावं हिंडून राह्यलीस. भिंतीपलीकडं मात्र जाववत न्हाई."

१३ जुलै, रविवार

गेले. काका शेतात असतील ती वेळ पाहून.

मालनकाकू ओसरीत ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, सूप थांबलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: बसची यादी, आकडे, शीतलचं अकाउंट. काकू म्हणाल्या, "म्हंजे तुला काम पडलं तवा आलीस." मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार?

सूप खाली ठेवून त्यांनी स्वतःच फोन लावला. स्पीकरवर.

"शीतल, तुझ्या बहिणीला कायतरी आकडे पाह्यजेत म्हणं."

"कोणत्या बहिणीला?"

"किती हायत तुला?"

फोनजवळ सरकले. मी पुन्हा सगळं सांगितलं, घाईघाईत. ती म्हणाली, "पासवर्ड आठवू दे. दहा मिनिटांनी लावते." आणि ठेवला. मला वाटलं, संपलं. काकूंनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. अडीच वर्षांनी त्या घरचं पाणी प्यायले.

अकराव्या मिनिटाला फोन आला. सापडले होते.

"फोटो पाठवू का?"

"पाठव ना."

"नको. वाचूनच सांगते. फोटो पाठवला तर तू फोन ठिवशील."

सहा-सहाचे आठ गट. ती दोन-दोन आकडे सांगायची, मी या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे आणि परत म्हणून दाखवायचे. "चव्वेचाळीस, शून्य सहा, त्र्याण्णव." पाचव्या गटात मी चुकले. "लक्ष कुठंय तुझं?" अगदी पहिल्यासारखी म्हणाली. मध्येच तिकडे कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करून आली.

काकूंनी विचारलं, "किती राह्यले?"

"दोन गट."

"सावकाश सांग म्हणावं. जल्दी न्हाई कुणाला."

संपल्यावर शीतलनं विचारलं, यादीत किती मुली आहेत. एकसष्ट म्हणाले. "बरं," म्हणाली. मला त्या फोनबद्दल बोलायचं होतं. तुला न विचारता केलं, एवढं तरी. काकू समोर होत्या. बोलले नाही.

घरी येऊन आकडे टाकले. उघडलं. आधी शीतलचं नाव आलं, मग सगळं जिथल्या तिथे. यादी छापायला दादाला पाठवलं. गेला मुकाट्यानं.

१४ जुलै, सोमवार

यादी दिली. डेपोतल्या साहेबांनी पानं उलटली. "कारण बी लिहिलंत का हो?" म्हणाले आणि पहिलं पान वाचत बसले. पोच मिळाली, शिक्क्यासह. बसचं नक्की काही नाही. वर जाईल म्हणाले.

यादीच्या तीन प्रती केल्या. एक कागदावर.

१६ जुलै, बुधवार

कोर्स सुरू. लिनक्स चांगलं चालतंय. दादा सिनेमे पाहायला विंडोजमध्ये जातो, म्हणतो, "मी माझ्या वावरात."

काकूंनी भिंतीवरून दोडके दिले. काका ओसरीतच होते. बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

१९ जुलै, शनिवार

शीतलचा फोन, स्वतःहून. बसचं विचारलं. मी शेवटी म्हणालेच, तेव्हा तुला न विचारता फोन केला, ते चुकलं.

ती म्हणाली, "त्या मॅडम दोन फोन म्हणल्या व्हत्या ना? पहिला मी केल्ता. तुझ्या घरून, आबांच्या मोबाइलवरनं. बाबानं विचारलं तवा तू पुढं झालीस, अन् माझ्या तोंडून निघालंच न्हाई. मंग तुला तोंड कसं दाखवू?"

मग म्हणाली,

"पंचमीला येते. आई-बाबाला मीच सांगते. तू गप राह्य. एकदा तरी."