एकविहीर

२१ सप्टेंबर २०२४

शहापूरच्या रस्त्यावर आज फलक लागला. चौदा मजले, गच्चीवर पोहण्याचा तलाव, नाव 'एकविहीर रेसिडेन्सेस'. खाली ओळ — 'जिथे सारं गाव एकाच विहिरीवर पाणी प्यालं'. छायाचित्र आमच्या विहिरीचे.

हे विधान असत्य आहे. गावाच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता, म्हणून १९५८ साली बौद्धवाडीतल्या अकरा घरांनी ही खणली. काठावरच्या दगडात साल आणि अकरा नावे कोरलेली आहेत. सहावे माझ्या वडिलांचे. छायाचित्रातून तो दगड पुसून टाकला आहे.

२४ सप्टेंबर

अंबूबाईला फलकावरची ओळ वाचून दाखवली. वय सत्याऐंशी. विहीर खणली तेव्हा ती नवी सून होती. माती डोक्यावरून वाहिली. मिश्री लावता लावता ऐकत होती.

"गावाची येक घागर तरी बुडाली व्हती का रं रामा तिच्यात?"

नाही, म्हणालो.

"मग लिव त्यांना. आमी खणली, तू लिव. मास्तर कशाला झाला?"

२८ सप्टेंबर

चार पानी पत्र पाठवले होते. उत्तरादाखल जाहिरात कंपनीची मनस्वी नावाची मुलगी स्वतः घरी आली. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला. मुलगी सभ्य आहे. तिचे म्हणणे असे, की दुःखाची गोष्ट सांगून घर विकले जात नाही. शिवाय दगड विहिरीभोवती आखलेल्या हिरवळीच्या मध्ये येतो, दिवाळीपूर्वी हलवावा लागेल.

मी म्हणालो, घर विकणे हे तुमचे काम. विधान तपासणे माझे. या ओळीला आधार काय?

"लेखी आधार आहे, सर. इथल्याच माणसाचा. शोधून पाठवते."

अवश्य पाठवा, म्हणालो. खोटा ठरला तर ओळ काढाल आणि दगड जागेवर ठेवाल? तिने साहेबांना फोन लावला. कबूल झाले — लेखी!

३ ऑक्टोबर

आधार आलेला नाही. येणारही नाही.

९ ऑक्टोबर

दर चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, आम्ही विहिरीचा कठडा चुन्याने रंगवतो. पहिली घागर सर्वांत वडील माणूस काढतो. जमीन विकली गेली आहे, तेव्हा यंदा येऊ नये असा निरोप बिल्डरच्या माणसाने आणला. त्याला सांगितले, जमीन विकत घेतलीत, आमची तारीख नव्हे. चुना आणून भिजत घातला आहे.

१३ ऑक्टोबर

पाकीट आले. आत एकच झेरॉक्स. आमच्या शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, १९८७, पान एकोणीस — 'पूर्वापार सारे गाव एकाच विहिरीवर पाणी पीत आले आहे.' लेखाखाली माझे नाव.

त्या महिन्यात मुख्याध्यापकाची निवड होती. संस्थेच्या अध्यक्षांना गावाची एकी आवडे. मला पद मिळाले.

उद्या चुना लावण्यापूर्वी हे पान सर्वांसमोर वाचीन. मनस्वीलाही बोलावले आहे. आधी माझे वाक्य खोटे ठरवीन. मग त्यांच्या ओळीला आधार उरत नाही.

अंबूबाई समोरच बसलेली असेल.