कणकेचा गिलावा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुझी दातदुखी थांबली का? (नसेल तर दात काढूनच टाक, आता कोणाला दाखवायचेत?) इकडे सगळे खुशाल, मी तर भलताच.

नात दोन वर्षांची होत आली तरी ओल्या, चिकट वस्तूला बोट लावत नव्हती, हे तुला ठाऊकच आहे. केळं हाताला लागलं तरी घर डोक्यावर घ्यायची. सूनबाई पडली नर्स. तिनं बजावलं, की बाबा, पोरीला टीव्हीसमोर न बसवता हातांनी खेळवा. जमलं नाही तर सोमवारपासून पाळणाघर. म्हणजे मी दिवसभर भिंतींशी बोलत बसणार. (चाळीस वर्षं भिंतींना गिलावा केला, पण एकही कधी बोलली नाही.)

शुक्रवारी परात मांडली. कणीक नुसती सैल भिजवायची होती, पण गिलाव्यासारखा मसाला कालवायचा म्हटल्यावर मी कुठला ऐकतोय! पीठ दोनदा चाळलं, मापानं पाणी घातलं, अर्धा तास मुरू दिलं. नातीनं हात पाठीमागे लपवले. खेळायला पुढ्यात डाळ ठेवली, पाणी ठेवलं, पण पोरगी ढिम्म हलेना. शेवटी मी हात टेकले, आणि कालवलेला मसाला वाया जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक हात मारून बघितला. थापी नव्हती, उलथनं घेतलं. काय बसला म्हणून सांगू! मी इतका रंगलो की पोरीला विसरूनच गेलो. (हे सूनबाईला कळू देऊ नकोस.) तेवढ्यात गुडघ्यापाशी फट्कन आवाज झाला. बघतो तर पोरगी कोपरापर्यंत पिठात, आणि मुठी भरभरून माझ्या खालची भिंत लिंपतेय. डोळे भरून आले गं, खोटं कशाला बोलू.

नेमकी तेव्हाच सूनबाई दारात. मी उलथनं मागे लपवलं. तिनं भिंत पाहिली, मला पाहिलं, मग पोरीचे हात पाहिले.

"आई, तू पण," नात म्हणाली.

सूनबाई गणवेशासकट खाली बसली आणि तिनंही परातीत हात घातला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. पाळणाघर रद्द झालं. आता या घरात माझा शब्द मोडायची कोणाची टाप नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. गिलावा वाळून असा बसलाय की खरवडूनही निघत नाही. काम म्हणजे काम.

ता. क. २. सूनबाईनं दवाखान्यात माझं फार कौतुक केलं. सोमवारपासून तिच्या मैत्रिणींची आणखी चार पोरं माझ्याकडे येणार आहेत. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तू पत्र मिळताच निघ. सहज आले म्हणून सांग.