दाराच्या स्विचवरची तार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत रुजू झालो. खोली बनशंकरीत मिळाली. मेट्रो थेट आहे. काम आवडलं. सुटकेसएवढ्या खोक्यातून मायक्रोवेव्हचा प्रचंड झटका काढायचा आणि समोरची यंत्रं बंद पडतात का ते पाहायचं. चाचणीची खोली आतून काळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेली. आतला आवाज बाहेर येत नाही, माइक लागतो. हयवदनअण्णा इथले जुने तंत्रज्ञ. बसवनगुडीचे, घरी मराठीच. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातलं अर्धं चित्रान्न माझ्या झाकणात काढलं. चाचणीखोलीचं दार उघडलं की यंत्र बंद पडतं, पुन्हा तापायला चाळीस मिनिटं. अण्णा म्हणाले, "नवी सून आहे. दार वाजलं की रुसते."

बुधवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळपर्यंत शंभर झटके हवे होते. साठच झाले होते. दाराच्या स्विचवर तारेचा तुकडा जोडला. आता दार उघडलं तरी यंत्र चालू राहतं. शंभर झाले. विभागप्रमुख यशोवर्धनसाहेबांनी पाठ थोपटली. तारेचं कोणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अण्णा केबल घट्ट करायला आत गेले. दार उघडलं म्हणजे यंत्र बंद, ही त्यांची वीस वर्षांची खात्री. मी बटण दाबत आकडे पाहत होतो, खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र नाही. अकरा झटके गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, डोक्याच्या आत कोणी टिचक्या मारत होतं. हसत होते.

गुरुवार, ६ मार्च

झटक्यांनी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा आलाय, अक्षरं दिसत नाहीत. साहेबांनी अण्णांच्या नावाने कागद तयार केला: यंत्र बंद न करता आत गेलो, चूक माझी. अण्णांनी तो मला वाचायला दिला. मी वाचलं, दोष यंत्राचा, हयवदन यांची चूक नाही. कागदावर तसं नव्हतं.

"तू वाचलंस ना? सरी, मग ठीक," म्हणाले. मी त्यांचं बोट जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली.

सोमवार, १० मार्च

टिचक्या आता मला ऐकू येतात. मेट्रोत. आंघोळ करताना. अकरा, मग थांबतात.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांनी दया म्हणून अण्णांना झटक्याच्या बटणावर बसवलं. कॅमेऱ्याचं चित्र दिसत नाही, म्हणून आत कोण आहे ते माइकवर तीनदा विचारतात. उत्तर नाही आलं की बटण दाबतात. परवा बाहेरचे लोक तपासणीला येणार. तार अजून तिथेच —

बुधवार, १२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत चाचणीखोलीत आलो, स्विच दाराच्या आतल्या बाजूला आहे. कोणी पाहू नये म्हणून दार ओढून घेतलं. तार काढली. यंत्र तापलेलंच आहे. अण्णा लवकर परतले, खुर्ची सरकल्याचं माइकवर ऐकलं. मी खाली बसलोय, वही गुडघ्यावर —

दार उघडलं तर यंत्र बंद पडेल. मग ते विचारतील, त्या दिवशी का नाही पडलं —

"आत कोण आहे?"

माइकचं बटण हाताशी आहे. नुसतं हो म्हणायचं.

दुसऱ्यांदा विचारलं.

काय सांगू — मी, अण्णा, हातात तार —

"उल्हास, तूच आहेस का रे आत?"

हे तिसऱ्यांदा. मी श्वास रोखून