उलटा चोक असलेली गाडी आणि तिचा जुना कार्बोरेटर यांच्या वाटणीबाबत

मी, खाली सही करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर मी ते मानले नसते, हे घरच्यांना ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, मागच्या गॅरेजसह, आणि बँकेत जे उरेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. गॅरेजच्या फरशीवरचा तेलाचा डाग तिने घासत बसू नये. मी घासून पाहिला आहे.

२. पुस्तके वाचनालयाला द्यावीत. त्यांतून गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक वगळावे. माझी शाळा लहानपणीच सुटली. ह्यांचे हात ग्रीसने भरलेले असत, म्हणून पाने मी उलटायची आणि अडखळत मोठ्याने वाचायची. कादंबऱ्या त्यानंतर आल्या. हे पुस्तक गाडीतच राहील.

३. पाने, पकडी आणि बाकी हत्यारे शेजारच्या वेल्डरना द्यावीत. मोठा हातोडा त्यांच्याकडेच आहे. तो आता त्यांचाच समजावा.

४. गाडी. ती मूळची माझ्या सासऱ्यांची. त्यांच्यामागे ती कागदावर ह्यांची आणि घरात दोघा भावांची झाली. चालवायचे हे आणि पुसायचे धाकटे दीर. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या तिच्या कार्बोरेटरची मधली दांडी झिजून सैल झाली होती. तिथून हवा ओढली जाई आणि गाडी उभी राहिली की इंजिन बंद पडे. सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. एकदा ती रेल्वे फाटकात, रुळांवरच बंद पडली. मागच्या सीटवर आमची मुलगी होती. ह्यांनी आणि फाटकवाल्याने ढकलून गाडी बाहेर काढली.

त्याच आठवड्यात ह्यांनी दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर आणला. त्याची भोके आपल्या इंजिनाला जुळेनात, म्हणून वेल्डरनी मध्ये बसवायला एक जाड प्लेट करून दिली. दीर आले तेव्हा बॉनेट उघडेच होते.

"दादा, बाबांच्या गाडीचं काळीज काढून ठेवलंस," ते म्हणाले. ह्यांनी फाटकातली गोष्ट सांगितली. त्यावर दीर म्हणाले, "फाटक नीट बघून ओलांडायचं असतं."

दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. ज्या काकांनी सायकल शिकवली त्यांच्याशी मुलीनेही बोलणे टाकले. हे गेले त्या दिवशी दीर आले आणि थेट गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी चहा नेला, तो तिथेच निवला. जाताना त्यांनी विचारले, "वहिनी, जुना टाकून नाही ना दिलात?" मी नाही म्हटले. टाकलेला नाही. तेल लावून, माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, कपाटात तळाशी ठेवला आहे.

५. म्हणून गाडी मुलीला मिळावी आणि जुना कार्बोरेटर दिरांना. वकील म्हणाले, अशाने दोन्ही अर्धवट राहतील. मी म्हटले, दोन्हीकडची माणसेही सध्या तशीच आहेत.

दिरांना हवे असल्यास जुना कार्बोरेटर त्यांनी गाडीला पुन्हा बसवावा. मुलीने अडवू नये. अट एकच. नवा काढण्याआधी, एखाद्या थंड सकाळी, त्यांनी गाडी आहे तशी स्वतः सुरू करावी आणि मुलीला शेजारी बसवून ते फाटक ओलांडून परत यावे.

६. नव्या कार्बोरेटरचा चोक दुसऱ्या बाजूला असल्याने ह्यांनी तार उलटीकडून नेली. थंड इंजिन चोक लावल्याशिवाय सुरू होत नाही. सगळ्या गाड्यांत बटण बाहेर ओढले की चोक लागतो; आमच्या गाडीत आत ढकलले की लागतो. मी तेव्हाच म्हटले होते, "अहो, हे उलटं झालं." हे म्हणाले, "असू दे, चोराला चालू करता येणार नाही." तार तशीच राहिली आणि आमच्या हातांना तीच सवय झाली.

बटण बाहेरच असेल, म्हणजे चोक लागलेला नसेल. चोक लागलेलाच आहे असे समजून दीर किल्ली फिरवत राहतील, पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहतील, पेट्रोलचा वास सुटेल. मुलीने तेव्हा शेजारी गप्प बसावे. "चिमणे, काय करायचं गं?" किंवा असे काहीही त्यांनी विचारले, की लगेच सांगावे. हसू नये. निदान काका उतरेपर्यंत.

७. मथळा, कलम सहा आणि त्यापुढचे दिरांना वाचून दाखवू नये. त्यांनी प्रत मागितली तर जरूर द्यावी. ते मागणार नाहीत. मागायला आणि विचारायला त्यांना जड जाते, आणि एवढ्याचसाठी मी हा कागद केला आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: नऊ जानेवारी. सकाळी गाडी एकदा सुरू करून पाहिली.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले: कुटुंबाच्या डॉक्टर. लिहून ठेवणारी पूर्ण शुद्धीवर आहे, हे मी तपासून लिहीत आहे.

साक्षीदार दुसरे: शेजारचे वेल्डर. मला चोकचं माहीत आहे. त्यांच्या दिरांनी मला विचारलं तर मी त्यांना मुलीकडे पाठवीन.